सत्कार करायचाय, पण सत्कारमूर्तीच 'नगं' म्हणतोय

सुतारवाड्याचा_पोरगा | १ जून, रात्री १०:१५

मंडळी, पेच पडलाय. जरा डोकं चालवा.

आमच्या तरुण मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात. गणपतीत काय करायचं ते करूच, पण त्याआधी २६ जूनला, शाहू जयंतीला, आपल्या माणसांचा सत्कार करायचा असं मीटिंगीत ठरलं. पाच नावं निघाली. पंचगंगा स्मशानभूमीतला एक कर्मचारी, कोरोनाच्या दोन्ही लाटांत ज्यानं एक सुट्टी घेतली नाही. एक आशाताई. ज्युदोत राज्य पातळीवर पदक आणलेली एक पोरगी, तिचे वडील रिक्षा चालवतात. आणि पंचाहत्तरीचे एक वस्ताद, ज्यांनी आयुष्यभर फुकट पोरं घडवली. ही चौघं लगेच हो म्हणाली.

पाचवा माणूस म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला तो. शिरोळ तालुक्यात, नदीकाठच्या एका गावात गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, आहे. आम्ही त्याला तात्या म्हणतो. २०१९ चा महापूर आठवत असेलच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फूट ७ इंचावर. हायवे शिरोलीला बंद, कोल्हापूरचं बेट झालेलं. खाली शिरोळात तर विचारूच नका. त्या रात्री तात्यानं गुऱ्हाळातली काहिल (उसाचा रस उकळायची मोठी कढई) पाण्यात लोटली आणि वस्तीवरची माणसं एकेक खेप करून बाहेर काढली. माझी आत्या त्या काहिलीतनं बाहेर आली, म्हणून मला हे आतनं माहीत. काहिलीच्या बुडाची चुलवाणाची काजळी तिच्या लुगड्याला लागली होती. ते लुगडं तिनं धुऊन धुऊन शेवटी तसंच ट्रंकेत ठेवलंय.

परवा तात्याच्या घरी गेलो. चहा झाला, विषय काढला. तर म्हणाला, "नगं. माझा झालाय एकदा सत्कार. पोट भरलं."

मग काकींनी सांगितलं. पूर ओसरल्यावर शहरातल्या एका संस्थेनं 'पूरवीरांचा गौरव' ठेवला होता. पाच वाजता बोलावलं, पाहुणे आले साडेआठला. बासष्ट सत्कारमूर्ती! तात्याचं आडनाव चुकीचं पुकारलं, म्हणून तो उठलाच नाही. शेजारच्यानं ढोसल्यावर उठला. शाल घातली, फोटो काढला, आणि खाली उतरल्यावर एका कार्यकर्त्यानं ती शाल परत मागून घेतली, पुढच्याला कमी पडत होती म्हणून. नारळ तेवढा हातात राहिला. शेवटची एसटी चुकली, रात्र स्टँडवर काढली. सकाळी घरी आल्यावर काकींनी विचारलं काय मिळालं, तर नारळ पुढं केला आणि म्हणाला, "ह्यो फोड, चटणी कर."

आता मला सांगा. नको म्हणणाऱ्याला मनवावं का? आणि मनवला, तर असा सत्कार कसा करावा की तो माणूस परत नारळ फोडून मोकळा होणार नाही?

कट_जादा | १ जून, रात्री १०:३१

भावा, शाल परत घेतली हे वाचून मिसळ घशात अडकली. इषय हार्ड हाय.

माझं मत एका ओळीत: फ्लेक्सवर सत्कारमूर्तीचा फोटो सगळ्यात मोठा पाहिजे. आमच्या चौकात गेल्या वर्षी दहावीच्या पोरांचं अभिनंदन होतं. पोरांचे फोटो पासपोर्ट साईज, आणि शुभेच्छुकांची तोंडं बैलगाडीच्या चाकाएवढी. एका पोराची आजी फ्लेक्सखाली उभी राहून नातू शोधालती.

मूळचा_करवीरचा | २ जून, सकाळी ८:०५

सध्या पुण्यात असतो. गल्लीतला सत्कार जरूर करा, पण सरकारी मार्ग लोकांना माहीत नसतो म्हणून लिहितो.

जीव वाचवणाऱ्या सामान्य नागरिकासाठी केंद्राचं जीवन रक्षा पदक असतं, १९६१ पासून. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक अशा तीन पायऱ्या. बुडणं, आग, विजेचा धक्का, दरड, जनावराचा हल्ला, खाणीतला अपघात, असल्या प्रसंगात स्वतःचा जीव धोक्यात घालून दुसऱ्याला वाचवलं तर. पोलीस, अग्निशमन दल, सैन्य यांनाही मिळतं, पण काम ड्युटीच्या बाहेरचं असलं तरच. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडून राज्याच्या गृह खात्याकडे आणि तिथून दिल्लीला जातो. पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, तलाठ्याचा अहवाल हे सगळं ताजं असतानाच गोळा करावं लागतं. २०१९ ची घटना आता त्यात बसायची नाही. हे तेव्हाच कुणीतरी करायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे गावातला चार ओळी लिहू शकणारा माणूस. तो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर शाबासकी टाकण्यात गुंतलेला असतो. (मीही त्यातलाच.)

पद्म पुरस्कारासाठी तर कुणीही नागरिक कुणाचंही नाव ऑनलाइन सुचवू शकतो. आठशे शब्दांत काम मांडायचं. तुमच्या वस्तादांचा विचार करा. लहान पोरांच्या शौर्याला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार आहे, वय ५ ते १८.

बावडेकर_पैलवान | २ जून, सकाळी ९:४०

तुम्ही लोक सत्कार म्हटलं की स्टेज, खुर्च्या, माईक एवढंच बघताय. खासबागला कधी गेलाय की नाही? १९१२ पासून ते मैदान उभं आहे आणि माणसाचा मान कसा करायचा हे तिथं रोज शिकायला मिळतं.

कुस्ती जिंकली की पोरगं मैदानाला फेरी मारतं. ज्याला जे वाटतं ते तो हातावर ठेवतो. कुणी दहा, कुणी पाचशे. आणि हलगीच्या आवाजावर निवेदक काय सांगतो? पोराचं गाव. बापाचं नाव. कुठल्या तालमीचा. वस्ताद कोण. कुठल्या डावावर मारली. पाच वाक्यांत सगळा माणूस उभा करतो. "थोर, कर्तृत्ववान, अष्टपैलू" असलं एक बी विशेषण नाही. 'निकाल डावावर घुटना टाकून चितपट' म्हटलं की दहा हजार लोकांना कळतं काय झालं ते.

तुमच्या गुळव्याचं तसंच सांगा. काहिल कशी लोटली, पाण्याला ओढ किती होती, दोर कुणी धरला. काहिल गोल असती, तिला नाक ना शेपूट, धारेत घातली की भोवऱ्यागत फिरती. ती सरळ कशी नेली? हे सांगितलंसा तर लोक गप ऐकतील बघा.

रंकाळ्याची_संध्याकाळ | २ जून, दुपारी १:२०

मला एक टोचतंय, बोलू का? राग मानू नका.

२०१९ च्या त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तीही वाचवायलाच निघाली होती, बोटीत जास्त लोक बसले. आपण धाडसाचं कौतुक करताना 'जिवाची पर्वा न करता' म्हणतो, आणि ऐकणारी पंधरा वर्षांची पोरं पुढच्या पुरात ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन उतरतात. २०२१ ला पाणी त्याहून वर गेलं, ५६ फूट ३ इंच. म्हणजे पुढचा पूर कधी ना कधी आहेच. मी म्हणते, सत्कारात धाडसाइतकंच शहाणपण सांगा. एका खेपेला किती माणसं घेतली, कुणाला 'थांब, पुढच्या खेपेला' म्हणून सांगितलं, दोर कुठं बांधला. आपल्या व्हाईट आर्मी या बचाव पथकाची मंडळी पुरात उतरतात ती तयारीनं, तेही सांगा.

कट_जादा | २ जून, दुपारी १:४४

ताई, मुद्दा जगात भारी. पण 'शहाणपणाबद्दल सत्कार' असा फ्लेक्स लावला तर अख्ख्या पेठेत एक बी माणूस पात्र ठरणार नाही.

खडू_आणि_डस्टर | २ जून, रात्री ९:१०

निवृत्त शिक्षक आहे, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

कोल्हापुरात सत्काराची गोष्ट निघाली की मला दोन प्रसंग आठवतात आणि दोन्हींत शाल नाही.

पहिला खाशाबा जाधवांचा. गाव कराडजवळचं गोळेश्वर, पण शिकायला आणि कुस्तीला कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा ब्राँझ घेऊन परतले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला एकशे एक्कावन्न बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरचं कमी लोक सांगतात. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून पैसे उभे केले आणि खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. पुढे पोलिसांत नोकरी केली. १९८४ ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म नाहीच. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात. बहात्तर वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ ला, राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ घेतलं तेव्हा कुठे महाराष्ट्राच्या माणसाला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं.

मी वर्गात मुलांना विचारायचो, खाशाबांचा खरा सत्कार कुणी केला? मुलं म्हणायची, बैलगाडीवाल्यांनी. मी म्हणायचो, पदक मिळायच्या आधी घर गहाण ठेवणाऱ्यानं.

दुसरा प्रसंग तुम्ही निवडलेल्या दिवसाशी जोडलेला. गंगाराम कांबळे संस्थानच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या हौदातलं पाणी घेतलं म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, नोकरी सोड, धंदा कर. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तर महाराज आपली गाडी तिथं थांबवायचे आणि चहा मागवायचे. बरोबरच्या मंडळींनाही प्यावा लागायचा. भर रस्त्यात. यापेक्षा मोठा जाहीर सत्कार मला माहीत नाही, आणि त्यात भाषण एकही नव्हतं.

म्हणून माझी सूचना अशी. गुळव्यांना स्टेजवर बोलावण्याआधी तुमच्या मंडळानं त्यांच्याकडे जावं. आणि मानपत्र छापण्याआधी त्यांना वाचून दाखवावं.

फेटेवाला_महाद्वार | ३ जून, सकाळी ११:०२

मास्तर, नमस्कार. तुमचं वाचून कामाला लागलो नाही अजून.

फेट्याबद्दल बोलतो, तेवढंच कळतं. मंडळं हल्ली तयार फेटे घेतात, टोपीसारखे. पाच मिनिटांत पन्नास डोकी. पण तो कानावर येतो, माणूस फोटोत एका हातानं फेटा धरून उभा असतो. बांधलेला फेटा वेगळा. बांधताना मी माणसाचं डोकं हातात घेतो, विचारतो घट्ट होतंय का. सत्काराला आलेला शेतकरी माणूस तेवढ्यात मोकळा होतो, बोलाय लागतो. स्टेजवर बांधू नका, पाहुणे घड्याळ बघतात. आधी आतल्या खोलीत निवांत बांधा. पोरीला आणि आशाताईला पण बांधा, विचारून. शेमला पाठीवर मोकळा सोडायचा, तुरा उगीच मोराएवढा नको.

पाच फेटे माझ्याकडून. पैसे नकोत. नाव पुकारू नका.

शिरोळची_सून | ३ जून, दुपारी ३:३५

मी त्याच भागातली, म्हणून लिहितेय. औक्षण कोण करणार आहे? सांगते का विचारलं ते. आमच्या तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की विधवा प्रथा बंद, कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. मग सरकारनंही परिपत्रक काढलं, सगळ्या गावांनी असं करा म्हणून. तुमच्या यादीतल्या आशाताई विधवा असतील नसतील, मला माहीत नाही. पण पाच सुवासिनी रांगेत उभ्या करून ताट फिरवणार असाल तर शाहू जयंतीचं नाव घेऊ नका, एवढंच.

करवीर_जुनाजाणता | ३ जून, दुपारी ४:१०

प्रत्येक गोष्टीत सुधारणा आणायलाच पाहिजे का? औक्षण हा मंगल प्रसंग असतो. घरच्या रीतीभाती घरच्यांवर सोडा.

शिरोळची_सून | ३ जून, दुपारी ४:२२

काका, हा घरचा प्रसंग नाही, जाहीर आहे, म्हणूनच म्हणतेय. २०१९ ला आमच्या वाड्यावर पाणी आलं तेव्हा आमच्या सासूबाईंना काहिलीत बसवणाऱ्यानं कुंकू बघितलं नव्हतं.

सुतारवाड्याचा_पोरगा | ६ जून, रात्री ११:२०

चार दिवस गायब होतो. मास्तरांचं ऐकून परत गावाला गेलो. ह्यावेळी आत्याला घेऊन. तात्या पडवीत मिरगाची वाट बघत बसला होता, बियाणाची पोती आणून ठेवलेली. सत्काराचा विषय मी काढलाच नाही. आत्यानं काढला. म्हणाली, "त्या रात्रीचं सांग पोराला, मला सगळं आठवत न्हाई."

दोन तास बोलला. पैलवानांनी विचारलेलं सगळं निघालं. काहिल फिरती म्हणून तिला दोन्ही कड्यांतनं नाडा, म्हणजे जाड दोर, ओवला. एक टोक गुऱ्हाळाच्या खांबाला, दुसरं धरून एकजण पुढं चिंचेपर्यंत पोहत गेला. मागनं दोघं ट्रॅक्टरच्या ट्यूबवर छाती टाकून ढकलत होते. तात्या काहिलीत गुडघ्यावर बसून बांबूनं रेटत होता. एका खेपेला चार माणसं, पाचवं घेतलं नाही. एका म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या त्यावरनं, तरी घेतलं नाही. (रंकाळा ताई, तुमचं शहाणपण इथं सापडलं.) पेपरात शंभर माणसं आली होती. तात्या म्हणाला, "मोजतंय कोण. अंधारात मोजायला काय ऊसाच्या मोळ्या हाईत?"

मग तो खरं बोलला. तो 'नगं' म्हणत होता त्याची दोन कारणं. शालीचं तर तो हसून विसरलाय.

एक, तो एकटा नव्हता. चौघं होते. सत्काराला बोलावलं एकट्याला. पेपरात नाव एकट्याचं. गावात परत आल्यावर बाकीचे तिघं काही बोलले नाहीत, पण गुऱ्हाळाच्या कट्ट्यावर महिनाभर त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. आता सगळं नीट आहे. त्यातला एक कामाला कर्नाटकात गेलाय.

दुसरं सांगताना त्यानं आवाज खाली केला. माणसं काढून झाल्यावर ते परत फिरले होते, गोठ्यांतली दावी कापायला. बांधलेलं जनावर पोहत नाही, मोकळं सोडलं तर कुठंतरी लागतं काठाला. तात्याकडं विळा होता. सगळे गोठे झाले, एक राहिला. पाणी वाढलं होतं, नाडा चिंचेला तुटायला आला होता, आणि पलीकडनं हंबरडा ऐकू येत होता. ते परतले. "त्या गोठ्याचा मालक रोज भेटतो मला," तात्या म्हणाला. "कधी बोलला न्हाई. मी स्टेजवर शाल घेऊन उभा राहिलो की मला तेवढंच ऐकू येतं."

मी गप्प. आत्या पण गप्प. काकी आत गेल्या आणि आणखी चहा ठेवला.

निघताना तो म्हणाला, "चौघांना बोलवत असशील तर येतो. आणि लिवणार असशील तर ते बी लिव."

कट_जादा | ६ जून, रात्री ११:३४

बोलायला काय ठेवलं न्हाईस.

बावडेकर_पैलवान | ७ जून, सकाळी ६:५०

ये की म्हणावं. चौघंही.

सुतारवाड्याचा_पोरगा | १५ जून, रात्री ९:३०

मानपत्राचा मसुदा टाकतोय. मंडळाच्या चिटणीसांनी लिहिलाय, भाषा त्यांची आहे:

"आपल्या अतुलनीय शौर्याने करवीरनगरीचे नाव त्रिखंडात दुमदुमविणारे, पूरग्रस्तांचे देवदूत, माणुसकीचे मूर्तिमंत प्रतीक..."

पुढं असंच सतरा ओळी. मला पटेना, पण काय चुकतंय ते नीट सांगता येईना.

खडू_आणि_डस्टर | १५ जून, रात्री १०:०५

चिटणीसांचा उत्साह कळतो, पण हे मानपत्र कुणालाही चालेल. गुळव्यांचं नाव काढून साखर कारखान्याच्या चेअरमनचं घातलं तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. जे कुणालाही लागू पडतं ते कुणाचंच नसतं. शिवाय गाव शिरोळ तालुक्यातलं, त्यात करवीरनगरी कुठून आली?

मी खरडलेलं बघा. नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्यात.

"ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, रात्रीच्या अंधारात, आपण चौघांनी गुऱ्हाळाची काहिल पाण्यात लोटली. ... यांनी नाडा घेऊन चिंचेपर्यंत पोहत जाऊन तो बांधला. ... आणि ... यांनी मागून काहिल ढकलली. ... यांनी बांबू धरला. एका खेपेला चारच माणसे घेतली, म्हणून काहिल एकदाही कलंडली नाही. खेपा कुणी मोजल्या नाहीत. माणसे काढून झाल्यावर आपण गुरांची दावी कापायला परत गेलात. एका गोठ्यातली दोन गुरे राहिली. ती राहिल्याचे आपण विसरला नाहीत, म्हणून तेही येथे लिहिले आहे."

शेवटी गावाचं नाव, तारीख, मंडळाची सही. बस.

मूळचा_करवीरचा | १५ जून, रात्री १०:४०

मास्तर, शेवटच्या वाक्याला मंडळ तयार होईल का? सत्कारात कमतरता लिहिलेली मी तरी पाहिली नाही.

रंकाळ्याची_संध्याकाळ | १५ जून, रात्री १०:५२

ती कमतरता नाही हो. त्या वाक्यामुळे वरची सगळी वाक्यं खरी वाटतात.

करवीर_जुनाजाणता | १६ जून, सकाळी ७:३०

औक्षणाबद्दल मी बोललो होतो. विचार केला. आमच्या सौभाग्यवती म्हणतात आशाताईंनीच बाकीच्यांना ओवाळावं, आणि आशाताईंना त्या ज्युदोवाल्या पोरीनं. मला चालेल. मसुद्याला माझाही होकार.

शिरोळची_सून | १६ जून, सकाळी ८:११

काकूंना माझा नमस्कार सांगा.

फेटेवाला_महाद्वार | १६ जून, सकाळी ९:००

पाचाचे आठ झाले म्हणायचे. हरकत नाही. कर्नाटकवाल्याचा पण आणतो, बांधून डब्यात घालून पाठवता येत नाही, पण कापड तर जाईल.

सुतारवाड्याचा_पोरगा | २७ जून, सकाळी १०:२५

झाला एकदाचा कार्यक्रम. पाऊस धो धो, म्हणून शाळेच्या हॉलमध्ये घेतला. दुपारी तीनला सुरू म्हणजे तीनला. प्रमुख पाहुणा ठेवलाच नाही. अध्यक्ष नाराज होते, आता नाहीत. शाली होत्या, ज्याची त्याच्याकडं राहिली. स्मशानभूमीतल्या मामांबद्दल एकच सांगितलं, की आपण होळी लहान करून स्मशानभूमीला शेणी (गोवऱ्या) दान करतो त्या उतरवून, रचून, वाळवून ठेवणारे हात कुठले ते बघा. त्यांनी हात मागं लपवले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादांचे चौदा पठ्ठे आले होते, सगळे उभे राहिले. पोरीनं आशाताईंना ओवाळलं तेव्हा ताट थोडं कलंडलं, अक्षता सगळ्या पहिल्या रांगेत.

तात्या दोघांना घेऊन आला. चौथा फोनवर होता, स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. फेटे आत बांधून झाले होते. फेटेवाल्या भाऊंनी काय विचारलं कुणास ठाऊक, तिघं हसत बाहेर आले.

मानपत्र मास्तरांनी वाचलं. ठणठणीत, वर्गात वाचतात तसं. चिंच आली, बांबू आला, चार माणसं आली. हॉलमध्ये पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. 'एका गोठ्यातली दोन गुरे राहिली' म्हणाले आणि तात्यानं हात वर केला. मास्तर थांबले.

"दोन न्हवं," तात्या म्हणाला. माईक नव्हता, तरी मागपर्यंत गेलं. "तीन. एक वासरू हुतं."

मास्तरांनी चष्मा वर केला, खिशातलं पेन काढलं, पण मानपत्र फ्रेममध्ये. मग चिटणीसानं मागचे खिळे उचकटले, काच काढली, आणि मास्तरांनी 'दोन' खोडून वर 'तीन' लिहिलं. बाजूला सही केली. परत बसवून तात्याच्या हातात दिलं. त्यानं आधी ते तिघांत फिरवलं.

कट_जादा | २७ जून, सकाळी १०:४१

आणि एसटी?

सुतारवाड्याचा_पोरगा | २७ जून, सकाळी १०:४३

सहाची मिळाली. मी स्वतः बसवून आलो. काच वाटेत फुटू नये म्हणून काकींनी मानपत्र शालीत गुंडाळलं होतं.